कुलूप घरात, किल्ली परक्या हाती

नागपूरच्या दक्षिणेस बेसा परिसरात गेल्या काही वर्षांत वसाहती झपाट्याने उभ्या राहिल्या. इमारतींचे आराखडे काढणाऱ्या तेथील एका लहान कार्यालयात मध्यंतरी सारे काम ठप्प झाले. पडद्यावर एकच सूचना : परवाना उपलब्ध नाही. सर्वांनी परदेशी कंपनीच्या नावाने बोटे मोडली. प्रत्यक्षात दोष घरातलाच होता.

अशा सॉफ्टवेअरचे परवाने कार्यालयातील एक सर्व्हर सर्व संगणकांना वाटून देतो. फ्लेक्सनेट प्रणालीत मुख्य सेवेचे पोर्ट सामान्यतः २७००० ते २७००९ यांपैकी एक असते. विक्रेत्याच्या दुय्यम सेवेचे पोर्ट मात्र परवान्याच्या फाइलमध्ये निश्चित केले नसेल, तर सर्व्हर पुन्हा सुरू होताच ते बदलू शकते आणि फायरवॉल त्याची वाट अडवते. येथे नेमके तेच घडले होते. फाइलमध्ये एक आकडा लिहिला, फायरवॉलमध्ये तो मोकळा केला, सेवा पुन्हा सुरू केली. काम चालू झाले.

पण किल्लीच परक्याने काढून घेतली तर? जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतीय तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा रोखल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्यानंतरच सेवा पूर्ववत झाल्या. बेशातील लहान कार्यालयाने कोणाच्या दारी जावे?

आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करीत आहे. निदान एक पर्याय हाताशी ठेवावयास नको काय? आपले कुलूप ओळखणे हे आजचे कर्तव्य. दुसरी किल्ली घडविणे हे उद्याचे.