हाय लाइनचा कैवार
न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या पश्चिम बाजूला 1934 साली मालगाड्यांसाठी ‘हाय लाइन’ हा उन्नत रेल्वेमार्ग सुरू झाला. पुढे मालवाहतूक ट्रकांकडे गेली आणि 1980 मध्ये त्यावरून शेवटची गाडी धावली. खालच्या जमिनींच्या मालकांनी मग पाडकामाचा तगादा लावला. महापौर ज्युलियानी यांच्या प्रशासनाने 2001 च्या अखेरीस, जाता जाता, त्याला हिरवा कंदीलही दाखवला.

डोक्यावर सांगाडा असताना जमीन विकसित कशी करायची, हा मालकांचा सवाल पोकळ नव्हता. पण पाडणे हा त्यावरचा एकमेव तोडगा नव्हे. बंद रेल्वेपुलावर बाग होते, हे पॅरिसने 1993 मध्येच दाखवले होते. न्यूयॉर्कनेही हाय लाइनवर बाग करायचे ठरवले आणि 2005 साली नियम बदलून इथले बांधकाम हक्क आसपासच्या भूखंडांसाठी विकण्याची मुभा दिली. मुंबईकर ज्याला टीडीआर म्हणतात, त्याच जातीचा हा व्यवहार. मालकांचा विरोध त्यानंतर मावळला.

दुसरा आक्षेप रसिकांचा: रुळांवर रान आपोआप माजलेच होते, मग त्यावर कोट्यवधी डॉलर कशाला? वाऱ्याबरोबर आलेल्या बियांतून खडीवर गवत आणि फुले उगवली होती, हे खरेच. पण पोलादावर शिसेयुक्त रंग होता, काँक्रीटची डागडुजी बाकी होती, निचऱ्याची सोय नव्हती. लोकांना वर सोडायचे तर सगळे खरवडणे भागच होते. रूळ खुणा करून उचलले गेले आणि त्यांतले बरेचसे मूळ जागी परत बसवले गेले. उद्यानरचनाकार पीट औडॉल्फ यांनी लागवड आखताना त्या रानाचाच कित्ता गिरवला. पायवाटेच्या काँक्रीट पट्ट्या टोकांना निमुळत्या ठेवल्या आहेत, त्यामुळे फटींतून गवत डोके काढते. हिवाळ्यात वाळक्या काड्या तशाच उभ्या ठेवतात. त्यांची छाटणी वसंताच्या तोंडावर होते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: बाग आली, भाडी चढली, गरीब बाजूला पडले. पहिला टप्पा 2009 मध्ये खुला झाला आणि दोन्ही अंगांना आलिशान इमारती उठल्या. शेजारच्या सरकारी वसाहतींतील रहिवाशांपर्यंत आपण पोचलो नाही, अशी कबुली बागेसाठी झटलेल्या संस्थेचे सहसंस्थापक रॉबर्ट हॅमंड यांनी 2017 मध्ये दिली. तरी याचे खापर बागेवर फोडणे चूक. टॉवरांना वाट करून दिली ती 2005 च्या नियमांनी. परवडणाऱ्या घरांसाठी त्यांत जादा बांधकामाचे आमिष होते, सक्ती नव्हती. ती न्यूयॉर्कने 2016 मध्ये आणली, तीही नव्याने फेरआखणी होणाऱ्या भागांपुरती. बागेलगतच्या चेल्सी भागातले बरेच टॉवर तोवर उभे राहिले होते.