जंगलाच्या बाजूनं एक शास्त्रज्ञ



शिबिरांत बोलताना आपणही नकळत वाटणी करून टाकतो: विज्ञान पुरुषांचं, जंगल बायकांचं. अशा वेळी मला जानकी अम्माल आठवतात.

१८९७ साली केरळातल्या तेल्लिचेरीत जन्मलेल्या या बाईंनी लग्न केलं नाही. १९३१ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. मग कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात त्यांनी उसाचा मक्याशी संकर करून दाखवला. पण एकटी बाई, त्यातून मागास मानलेल्या थिय्या जातीची! तिथं निभाव लागणं सोपं नव्हतं. पुढची दहाएक वर्षं इंग्लंडमध्ये गेली. डार्लिंग्टन यांच्यासोबत लिहिलेला, लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश १९४५ साली निघाला. नेहरूंच्या बोलावण्यावरून १९५१ साली त्या परतल्या, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची घडी नव्यानं बसवायला.

‘पहिली स्त्री’ म्हणून हार घालून मोकळं होणं सोपं असतं. मला त्या भावतात म्हातारपणी. १९७७ साली पद्मश्री मिळालेल्या जानकीबाई सायलेंट व्हॅलीतलं जंगल बुडवणाऱ्या सरकारी धरणाविरुद्ध उभ्या राहिल्या. हत्यार तेच, आयुष्यभराचं: तिथल्या झाडांच्या गुणसूत्रांची पाहणी त्यांनी हाती घेतली.

फेब्रुवारी १९८४ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं.