विश्लेषण : वारसा दिनी तिकीट माफ, पण कुलूप कोण उघडणार?

दरवर्षी 18 एप्रिल आणि 19 नोव्हेंबर जवळ आले की व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो : ‘उद्या सर्व ऐतिहासिक वास्तूंमध्ये मोफत प्रवेश’. सातारा आणि सांगलीत हा संदेश वाचून बेत आखणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्याकडून कुणी तिकीट मागत नाही. माहुलीच्या संगमावरचे घाट आणि सांगलीचे गणपती मंदिर वर्षभर खुले असते. जे मुळातच फुकट आहे त्यावर सवलत कसली?

सवलत नेमकी कुठे मिळते?

18 एप्रिल हा जागतिक वारसा दिन. ‘इकोमॉस’ या स्मारकविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने 1982 मध्ये तो सुचवला आणि 1983 मध्ये युनेस्कोने मान्य केला. 19 ते 25 नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी आणि 18 एप्रिलला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग आपल्या तिकीट असलेल्या स्मारकांत शुल्क घेत नाही. यातला ‘आपल्या’ हा शब्द महत्त्वाचा. देशात केंद्र संरक्षित स्मारके सुमारे 3,700 आहेत आणि त्यातील जेमतेम दीडशेच्या आसपास ठिकाणी तिकीट लागते. अजिंठा, वेरूळ, कार्ला, रायगड ही त्यातली. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाखालची स्मारके आणि संग्रहालये वेगळ्या यंत्रणेत मोडतात. खासगी वाड्यांना तर केंद्राचा आदेश लागूच होत नाही. शिवाय केंद्राच्या स्मारकांत 15 वर्षांखालील मुलांना एरवीही तिकीट नसते. म्हणजे शाळेच्या सहलीलाही या दिवसाचा वेगळा फायदा नाही.

मग अडते कुठे?

अडते दारापाशी. या दोन जिल्ह्यांत वारसा म्हणून जे पाहण्यासारखे आहे, त्यातले बरेचसे कुणाच्या तरी घरात, शाळेत, कार्यालयात किंवा बंद इमारतीत आहे. साताऱ्याच्या राजवाड्याचेच घ्या. गोलबागेजवळ गाडी लावून संध्याकाळी भेळ खाणाऱ्या सातारकराने आतले दालन किती वेळा पाहिले असेल? जुन्या-नव्या राजवाड्याच्या इमारतींत शाळा चालली, न्यायालये भरली; पाहणाऱ्यासाठी मात्र त्या कधी नीट उघडल्याच नाहीत. ती शाळा म्हणजे प्रतापसिंह हायस्कूल. 7 नोव्हेंबर 1900 रोजी ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव तिथल्या नोंदवहीत 1914 या क्रमांकावर लिहिले गेले. राज्य सरकार आता 7 नोव्हेंबर हा विद्यार्थी दिन म्हणून पाळते. एवढी मोठी गोष्ट साताऱ्याच्या भर वस्तीत आहे, पण ती पाहायची तर कुणाला विचारायचे, किती वाजता जायचे, हे सांगणारी साधी पाटीही सापडणे कठीण.

वाई परिसरात तर हे पावलोपावली जाणवते. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा आहे. घाटावरची घंटा चिमाजीअप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेची. ती पाहायला लोक थांबतात, फोटो काढतात, निघतात. वाड्यातल्या भित्तिचित्रांपर्यंत किती जण पोहोचतात? वाईजवळची रास्त्यांची मोतीबाग कारंजी आणि चित्रांसाठी ओळखली जात होती. पेशवाईतल्या बागा कशा असत हे दाखवणारी ती मोजक्या ठिकाणांपैकी एक, आणि आजच्या बहुतेक वाईकरांना ती फक्त नावाने ठाऊक.

सांगलीत चित्र थोडे वेगळे. संस्थानकाळातली आमराई आज सार्वजनिक बाग आहे, तिथे रोज माणसे फिरतात. आयर्विन पूल 1929 चा. पावसाळ्यात अख्खी सांगली मोबाइलवर त्याचीच पाणीपातळी बघत असते, 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. इतका रोजच्या जगण्यातला वारसा दुसऱ्या गावाकडे क्वचितच असेल. मात्र 1843 मध्ये विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव पटवर्धन यांच्यासमोर ‘सीता स्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीची सुरुवात झाली, तो गणेशदुर्गातला राजवाडा नाट्यरसिकांनी निवांत पाहावा अशी सोय नाही.

माणसे येतील का, ही शंका आता उरलेली नाही. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून आलेली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली, तेव्हा ती पाहायला गर्दी झाली. लिंबची बारा मोटेची विहीर तर कसलीही जाहिरात न करता गाजली. 1719 ते 1724 या काळात विरूबाई भोसले यांनी बांधलेली, 110 फूट खोल, आणि विहिरीतच महाल! लोकांनी रील बनवले, लोक येऊ लागले.

बाहेर काय करतात?

फ्रान्सने 1984 मध्ये वास्तूंची दारे एका दिवसासाठी उघडली. तिथे तो आता सप्टेंबरातला शनिवार-रविवार असतो आणि राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थान एलिझे पॅलेसही लोकांना पाहता येते. इंग्लंडमध्ये 1994 पासून असाच उपक्रम चालतो. तिकीटमाफी हा त्याचा एक भाग. एरवी बंद असलेली जागा उघडणे हा खरा गाभा. न्यायालय, गिरणी, जुने जलकेंद्र, कुणाची खासगी बाग, काहीही चालते. गावातलेच स्वयंसेवक माहिती सांगतात आणि नोंदणी केलेल्या कार्यक्रमाला विम्याचे संरक्षण मिळते. वाडामालकाची पहिली भीती ‘जिन्यावरून कुणी पडले तर?’ हीच असते. त्यामुळे विम्याचा हा मुद्दा आपल्याकडेही सर्वांत आधी सोडवावा लागेल.

गर्दीने नुकसान होणार नाही?

होईल, आवर घातला नाही तर. किल्ल्यांच्या भिंतींवर कोरलेली नावे सर्वांनी पाहिली आहेत. प्रतापगड जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, त्यामुळे तिथला ताण वाढणारच. पण उपाय याच जिल्ह्यात वापरात आहे : कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला पर्यटकांची संख्या ठरलेली असते आणि ऑनलाइन नोंदणी करावी लागते. फुलांसाठी जे जमते, ते भित्तिचित्रांसाठी का जमू नये? एका वाड्यात एका वेळी 20 माणसे, अर्धा तास, सोबत गावातला एक माहीतगार. यासाठी नवा कायदा लागत नाही, वेळेची नोंद ठेवणारे एक पान आणि मालकाची संमती पुरते. वाड्याच्या मालकांनाही काही मिळायला हवे. कौले शाकारणी, लाकडाला वाळवीपासून वाचवणे, हा खर्च घराण्याने एकट्याने सोसायचा आणि शहराने फक्त अभिमान बाळगायचा, असे चालत राहिले तर वाडा एक दिवस बिल्डरकडे जाणार. वाडा पाहायला आलेल्यांनी स्वेच्छेने दुरुस्तीच्या पेटीत काही टाकले, तर प्रवेश ‘मोफत’ असण्याला बाधा येत नाही.

तारीख कोणती?

एप्रिलचे ऊन आणि शाळांच्या परीक्षा पाहता 18 तारीख या भागाला सोयीची नाही. नोव्हेंबर मात्र आधीच तयार आहे. 5 तारखेला मराठी रंगभूमी दिन, तो सांगलीचा. 7 तारखेला विद्यार्थी दिन, तो साताऱ्याचा. 19 पासून वारसा सप्ताह. पाऊस थांबलेला, रस्ते कोरडे. दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांनी या तीन आठवड्यांतला एक शनिवार-रविवार ठरवून सप्टेंबरातच जाहीर केला, तर वाईचे वाडे, सांगलीचा राजवाडा, औंधचे भवानी संग्रहालय आणि मिरजेतल्या सतारी बनवणाऱ्यांच्या कार्यशाळा एका यादीत येऊ शकतात. सुरुवात पाच दारांनी झाली तरी चालेल. त्यातले पहिले सरकारी असावे, म्हणजे खासगी मालकाला ‘आधी तुम्ही उघडा’ म्हणण्याची वेळ येणार नाही.