उघाडी कुठल्या ब्रँचला येते?

उघाडी म्हणजे काय, असं परवा आमच्या विंगमध्ये विचारलं. एक जण म्हणाला, “पाऊस थांबणं.” तो नागपूरचा, म्हणून माफ. अलिबाग-पेणकडे उघाडी म्हणजे खारबांधातलं झडपेचं दार. भरती आली की समुद्राचं पाणी ते बाहेरून दाबून बंद करतं, ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना सेन्सर. एवढ्यावर भाताची शेतं तगतात. आपल्या सिलॅबसमध्ये धरणांचे रेडियल गेट आहेत, हे दार नाही.

मी त्याच खारपट्टीतला. पूर्वी गावकरी श्रमदानानं बांध राखत. खेकड्याचं बीळ दिसलं की चिखल मारायचा, उधाणाच्या रात्री फेरी मारायची. १९७९ च्या खारजमीन कायद्यानंतर बरेच बांध सरकारी झाले आणि बीळ बुजवायलाही एस्टिमेट लागू लागलं! पोरं कंपनीत गेली, बांधाकडे बघणार कोण? एकदा खांड गेली की खारं पाणी शेतात, पुढची काही वर्षं पीक नाही. मग तिथे कांदळवन उगवतं. कांदळवनांना उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून कडक संरक्षण आहे, आणि ते हवंच. बांधाबाहेरचं कांदळवन लाटा अंगावर घेतं. पण बांधाच्या आत, सातबारा नावावर असलेल्या शेतात ते वाढलं तर शेतकऱ्यानं करायचं काय? जमीन त्याची, पण नांगर घालता येत नाही. दलाल मात्र बरोबर अशा वेळीच हजर होतो.

वर समुद्राची पातळी वाढतेय. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडवर आदळलं, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याजवळून गेलं. अशावेळी नेते लोक काँक्रीटच्या भिंतीची घोषणा करतात. भिंत फोटोत छान दिसते. पण मागे पावसाचं पाणी तुंबलं तर भात तसंही कुजणार.

माझं मत सरळ आहे. पैसे आधी बांधाच्या देखभालीला द्या, आणि ते गावाच्या हातात द्या. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं खारं सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्यात (पनवेल-१, २, ३), त्यांचं बी वेळेवर पोचवा. जिथे भात परत येणारच नाही तिथे जिताड्याची तळी करू द्या. वेंगुर्ल्यात महिला बचत गट कांदळवनात होडीतून सफारी चालवतो, तसं आमच्याकडे का नको?

आणि आपण? प्रोजेक्टसाठी दरवर्षी तोच मॉल, तेच पार्किंग. बांधाची उंची कुठे किती खचली, कुठली उघाडी गाळानं अडली, एवढा सर्व्हे जरी झाला तरी गावाला अर्ज करताना हातात आकडे राहतील. डिपार्टमेंटनं ऑटो लेव्हल दिली तर डिसेंबरच्या सुट्टीत पाच-सहा जण पुरे. राहणं-जेवण माझ्या घरी. जिताडा मिळाला तर मिळाला, नाहीतर सुकट.