कोंडलेली हवा आणि उष्णता

हवा तापली कीं तिचा दाब वाढतो, हें वाक्य शाळेंतील मुलांस पाठ असतें. परंतु तें अर्धेंच सत्य आहे. तापलेल्या हवेस पसरावयास जागा नसेल तर दाब वाढतो. जागा मिळाली तर आकारमान वाढतें व दाब होता तसाच राहतो. हा भेद दोन उदाहरणांनीं स्पष्ट होईल.

पहिलें उदाहरण मोटारीच्या चाकाचें. सकाळीं २७ अंश उष्णमान असतां टायरमध्यें दर चौरस इंचास ३२ पौंड दाबाची हवा भरली. दुपारीं रस्त्यावर धांवून ती ६० अंशांपर्यंत तापली. २७ चे ६० झाले, तेव्हां दाब दुपटीहून अधिक व्हावा, असें त्रैराशिक येथें चालत नाहीं. उष्णमान मोजावयाचें तें केवल शून्यापासून, म्हणजे बर्फाच्या बिंदूखालीं २७३ अंशांपासून. त्या मानानें ३०० चे ३३३ झाले. वाढ शेंकडा ११. दाबमापक बाहेरील वातावरणाचे सुमारें १५ पौंड हिशेबांत धरीत नाहीं. ते मिळवून ४७ होतात. त्यांवर शेंकडा ११ वाढ धरली कीं ५२, आणि १५ वजा जातां मापकावर ३७ दिसतील.

हा आंकडा पाहून कित्येक गृहस्थ घाबरून हवा सोडतात व कांटा ३२ वर आणतात. परंतु चाक निवलें कीं तोच कांटा २७ वर उतरतो. कमी हवेचें चाक अधिक दबतें, दबल्यानें अधिक तापतें, आणि लांबच्या प्रवासांत फुटण्याचा धोका वाढतो. ज्या भयानें हवा सोडली, तेंच संकट ओढवतें!

दुसरें उदाहरण फ्रान्समधील नांत शहराचें. तेथें १८७९ पासून १९१७ पर्यंत मेकार्स्की ह्याच्या पद्धतीच्या ट्रामगाड्या दाबलेल्या हवेवर चालत. टांक्यांतील हवा यंत्राकडे जातांना कढत पाण्याच्या भांड्यांतून नेली जाई. हेतु दाब वाढविण्याचा नव्हता. दाब नियामक झडपेनें ठरविलेला असे. तापलेली हवा पसरे, म्हणून तेवढ्याच कामास सांठ्यांतील हवा कमी लागे. शिवाय दाबांतून सुटणारी हवा अतिशय थंड होते व तींतील ओलाव्याचा बर्फ होऊन वाटा बुजतात, तेंही टळे.

कारखान्यांतही हाच न्याय. वाहत्या नळांतील हवा तापविल्यानें दाब फारसा वाढत नाहीं. परंतु झडपा बंद असलेली टांकी आगीजवळ राहिली तर दाब चढत जातो. म्हणूनच अशा टांकीस आपोआप उघडणारी सुरक्षा-झडप असते.

तात्पर्य, चाकांत हवा भरावयाची ती सकाळीं, चाक थंड असतां. आणि तापलेल्या चाकांतून ती सोडावयाची नाहीं. वरील हिशेब घरांतील मुलांकडून ४५ अंशांसाठीं करवून घ्यावा. नियम पाठ असणें निराळें व समजणें निराळें, हें त्यांस तेव्हां कळेल.