घोड्याला जागा राखीव

परवा एजंट आला. पांढरे बूट, बगलेत फाईल, फाईलीत रंगीत नकाशा. आमच्या वतनाच्या तुकड्यावर त्यात हिरवा रंग मारलेला आणि वर घोड्याचं चित्र. म्हणाला, "काका, जमिनीचं सोनं होतंय. गेट, वॉचमन, आत घोडवाट, प्रत्येक बंगल्यामागं पागा. एकदम कॅलिफोर्निया!" आमच्या कपातून चहा प्याला. एवढी प्रगती मान्य करतो.

तो गेला आणि बापू, माझा चुलतभाऊ, हिशेब करत बसला. पोरीचं लग्न, पोराची फी, पत्र्याच्या जागी स्लॅब. त्याचा हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण कॅलिफोर्निया म्हणजे काय हे बघितल्याशिवाय सही करायची नाही, असं मी ठरवलं.

माझा भाचा तिकडं लॉस एंजेलिसजवळ टोरन्स गावात नोकरीला आहे. त्याला फोन लावला. तो हसला. "मामा, माझ्या खिडकीतून दिसते ती टेकडी. रोलिंग हिल्स. आत जाता येत न्हाई."

म्हणजे काय? म्हणजे आख्खं शहरच गेटच्या आत! कॉलनी नव्हे, सोसायटी नव्हे, कायद्यानं स्थापन झालेलं शहर, 1957 सालचं. सुमारे तीन चौरस मैल, वस्ती दोन हजाराच्या आत. रस्ते सगळे खाजगी. वेशीवर पहारा. आतला कुणी नाव दिल्याशिवाय बाहेरच्याला प्रवेश नाही. भाचा एकदा गाडी घेऊन गेला तर चौकीतल्या माणसानं विचारलं, कुणाकडं? हा म्हणाला, नुसतं बघायला. गाडी वळवून पाठवली. कुणी शिवी दिली नाही, दगड मारला नाही, 'सर' म्हणून परत पाठवलं.

दोस्तहो, गावकूस आपल्याला माहीत आहे. आपला जन्मच त्याच्या अलीकडचा. फक्त आपल्याकडं ते दगडमातीचं होतं. तिकडं पांढऱ्या रंगाचं, तीन आडव्या लाकडी फळ्यांचं, दिसायला देखणं.

आता मुख्य गंमत ऐका. तिथं घर बांधायचं तर एकमजली पाहिजे आणि पांढरं पाहिजे. प्लॉट कमीत कमी एकर-दोन एकरांचा. आणि प्रत्येक प्लॉटवर पागा आणि घोडा मोकळा सोडायच्या कुंपणासाठी जागा राखून ठेवलीच पाहिजे. तुमच्याकडं घोडा असो-नसो. आज तिथल्या पुष्कळ घरांत घोडा नाहीच. माणसं म्हातारी झाली, घोडे गेले. पण जागा आहे. जन्माला न आलेल्या घोड्यासाठी जागा राखीव! लोकांच्या अंगणांच्या कडेनं घोड्याला जायचा हक्क आहे, कागदोपत्री, पिढ्यानपिढ्या. घोडवाट बुजवायची नाही.

राखीव जागा म्हटलं की आपल्याकडल्या पांढरपेशांच्या पोटात गोळा येतो. गुणवत्ता मरते, देश बुडतो. मग सांगा, या घोड्यानं कोणती परीक्षा दिली? आणि राज्याच्या कायद्यानं जेव्हा बजावलं की प्रत्येक शहरानं कमी पगाराच्या माणसांच्या घरांचीही सोय आराखड्यात दाखवा, तेव्हा याच शहराला जागा सापडेना. शेवटी शाळेच्या मालकीची एक जागा दाखवली, आणि बाकी आकडा बंगल्यांच्या मागच्या छोट्या खोल्या मोजून भरायचा घाट घातला. घोड्याला दारात. माणसाला आकड्यात.

त्या टेकडीचा सातबारा काढायचा म्हटलं तर मूळ धनी टोंगव्हा आदिवासी. मग स्पॅनिश, मग मेक्सिकन जहागीर, गुरांची राने. 1913 साली सुमारे 16,000 एकरांचा तो डोंगर न्यूयॉर्कच्या फ्रँक व्हँडरलिप नावाच्या बँकरनं आपल्या भागीदारांसकट विकत घेतला. घेताना त्यानं तो डोळ्यानं पाहिलाही नव्हता म्हणतात! त्याच 1913 साली त्याच न्यूयॉर्कच्या धक्क्यावर एक बावीस वर्षांचा विद्यार्थी उतरला, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. भीमराव आंबेडकर. एक माणूस न बघता डोंगर घेतो. दुसरा शिकून परततो आणि बडोद्यात त्याला भाड्याची खोली मिळत नाही, पारशाच्या खाणावळीतून काठ्या दाखवून हुसकतात.

आणि त्याच 1913 साली कॅलिफोर्नियानं कायदा केला की ज्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत नाही त्यांना शेतजमीन घेता येणार नाही. नाव कुणाचंच घेतलं नाही, पण मारला जपानी शेतकरी. तोच त्या डोंगरावर कुळ म्हणून राबत होता, पाटाच्या पाण्याशिवाय, नुसत्या पावसावर आणि समुद्राच्या धुक्यावर टोमॅटो आणि घेवडा पिकवत होता. जमीन कसायची, पण आपली म्हणायची नाही. ओळखीचं वाटतं का? 1942 साली युद्धाच्या नावाखाली त्यांना बायकापोरांसकट छावण्यांत नेऊन कोंडलं. परत आले ते थोडे. रोलिंग हिल्सचे प्लॉट पाडायला 1936 सालीच सुरुवात झाली होती.

शेजारचंच पालोस व्हर्डेस इस्टेट्स. तिथल्या 1920 नंतरच्या खरेदीखतांत सरळ लिहिलेलं होतं की गोऱ्या वंशाखेरीज कुणी इथं राहणार नाही. अपवाद घरगडी, ड्रायव्हर आणि माळी! वा रे वा. म्हणजे हात आत, माणूस बाहेर. आपला येसकर चावडीपर्यंत चालायचा, झाडायला चालायचा, सांगावा घेऊन रात्री-अपरात्री पळायला चालायचा. पाणवठ्यावर चालायचा नाही. मनू तिकडं कधी गेला नव्हता हो. तरी भाषा तीच.

1948 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ठरवलं की असल्या अटी कोर्ट राबवणार नाही. 1968 साली घरांच्या विक्रीत भेदभाव करायलाच कायद्यानं बंदी आली. ती लढून घेतली काळ्यांनी, ज्यांच्या पँथरचं नाव 1972 साली आपण मुंबईत घेतलं. पण तोवर खेळ बदलला होता. रंग लिहायची गरजच उरली नाही. एकराची अट लिहा, पागेची अट लिहा, संघटनेची वर्गणी लिहा, किंमत लाखो डॉलरांवर न्या. गाळणी आपोआप गाळते. बोट कुणाकडं दाखवणार? आज पैसा असेल तर कोणत्याही वंशाचा माणूस तिथं घर घेऊ शकतो, घेतातही. हे मान्य केलंच पाहिजे. पण कुंपण बाजारात विकायला ठेवलं म्हणून ते कुंपण राहात नाही का?

आणि घोड्याला खरं ओळखणारा माणूस कोण होता तेही ऐका. केंटकी डर्बी ही अमेरिकेची सगळ्यांत नावाजलेली शर्यत. 1875 साली ती पहिल्यांदा धावली तेव्हा पंधरा जॉकींपैकी तेरा काळे होते. जिंकणारा ऑलिव्हर लुईस काळा. जिंकलेल्या घोड्याला तयार करणारा अँसेल विल्यमसन काळा, गुलामीत जन्मलेला. आयझॅक मर्फीनं ती शर्यत तीनदा मारली. 1901 आणि 1902 साली जिमी विंकफील्ड जिंकला, आणि त्याच्यानंतर आजतागायत एकही काळा जॉकी ती जिंकलेला नाही. का? शर्यतीत पैसा आला, मान आला. मग गोऱ्या जॉकींनी त्यांना धावत्या घोड्यावरून कठड्याशी चेंगरलं, मालकांनी घोडे देणं बंद केलं. खोगीर काढून घेतलं, हातात खरारा ठेवला. आज अमेरिकेतल्या पागांतली लीद मोठ्या प्रमाणात मेक्सिको, ग्वाटेमालाकडची पोरं उचलतात.

आमचा आजा मामलेदाराच्या घोड्यापुढं धावायचा. साहेब दौऱ्यावर आला की घोड्याला गवत-पाणी महारानं बघायचं, चंदी भिजवायची, रात्रभर राखण. वतनाचं काम, मजुरी नाही. आजा सांगायचा, "घोडा मला वळखायचा. हाक मारली की कान टवकारायचा. मामलेदार न्हाई वळखला कदी." या चाकरीच्या बदल्यात ती जमीन होती, बापू. बाबासाहेब 1928 पासून ओरडत होते की हे वतन म्हणजे गळ्यातला फास. 1958 च्या कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, आणि सरकारला पैसे भरून तोच तुकडा आपल्या नावावर आला. नवीन शर्त म्हणून. विकायचा तर कलेक्टरची परवानगी, वर नजराणा.

ही अट एजंटनं तुला सांगितली? नाही सांगितली. "परवानगीचं आमच्याकडं लागलं," म्हणाला. तुझा अंगठा आज स्वस्तात, परवानगी उद्या त्याच्या वजनानं, आणि मधला फरक त्याच्या खिशात. पुढं जमिनीचं लफडं निघालंच तर कागदावर नाव तुझं.

घोड्याशी माझं वैर नाही. 2018 साली उत्तर प्रदेशात कासगंज जिल्ह्यातल्या निजामपूर गावात आपल्या एका पोराला स्वतःची वरात ठाकुरांच्या वस्तीतून न्यायची होती. त्यासाठी हायकोर्टाचं दार वाजवावं लागलं, आणि शेवटी पोलिसांच्या गराड्यात वरात निघाली. तेव्हा घोडा आपल्यालाही पाहिजे. प्रश्न आहे तो वर कोण आणि खाली कोण याचा.

बापू, परवा तू म्हणालास, "गेट झालं तर आपल्या पोरांना तिथं वॉचमनची नोकरी तरी लागंल." तेव्हापासून मला झोप नाही. आपल्याच रानाच्या वेशीवर आपलंच पोरगं उभं राहणार, आणि तू आज्ज्याची समाधी बघायला गेलास तर तुला विचारणार, कुणाकडं?

पोरीच्या लग्नाला मी पतपेढीतून कर्ज उचलतो, जामीन राहतो. फी आपण तिघं भाऊ वाटून भरू. सातबाराचा उतारा आणि 1958 नंतरचा फेरफार, दोन्ही मी काढून आणलेत. तालुक्याला आपला एक वकील पोरगा आहे, त्यानं रविवारी बोलावलंय. दहाची एस.टी. धर. एजंटला सांग, सोमवारी ये.