फीड मेलं म्हणे!

परवाच्या रविवारी कर्वेनगरला ताईकडे पोहे खायला गेलो होतो. ताई पीएचडी करतेय, चौथं वर्ष. चेहरा पडलेला. का, तर तिच्याच विषयावरचा, जवळजवळ तिच्याच पद्धतीने केलेला पेपर सात महिन्यांपूर्वी एका जर्नलमध्ये छापून आला होता आणि हिला पत्ताच नाही! कळलं कधी? स्वतःचा पेपर परत आला तेव्हा.

"अगं, फीड नाही लावलंस?"

"ते असतं अजून?"

मंडळी, आजची चिडचिड या "अजून"वर आहे.

गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं, तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून सगळे धरून चाललेत की फीडच मेलं. एक दुकान बंद झालं म्हणून माल संपतो का हो? फीड म्हणजे जर्नलच्या सर्व्हरवरची साधी एक्सएमएल फाईल. शीर्षक, लिंक, तारीख, जमल्यास सारांश. नवा अंक आला की फाईल बदलते, आपला रीडर अधूनमधून बघून येतो. बस्स. अर्काइव्ह आजही फीड देतं. झोटेरो २०१७ पासून स्वतःच फीड वाचतं.

"पण ईमेल अलर्ट आहेत की!" आहेत ना. प्रत्येक प्रकाशकाकडे वेगळं खातं, वेगळा पासवर्ड, वर जाहिराती. फीडला तुमचं नावसुद्धा लागत नाही.

सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'ला मंजुरी दिली. तीन वर्षं, ६,००० कोटी, सुमारे १३,००० जर्नल्स. उत्तमच झालं. पण ताईला तो पेपर वाचायला कुणी अडवलं नव्हतंच, तो आलाय हे सांगणारं कुणी नव्हतं! पूर्वी लायब्ररीत दाराशीच नव्या अंकांचं रॅक असायचं. येताजाता नजर पडायची. जर्नल्स ऑनलाईन गेली, रॅक गेलं, त्या जागी काहीच आलं नाही. प्रत्येक विभागाच्या जर्नल्सची फीड्स एका ओपीएमएल फाईलमध्ये घालून लायब्ररीच्या साईटवर टाकायला फार तर एक दिवस लागेल. ६,००० कोटींपुढे एक दिवस!

असो. ताईला चौदा फीड्स लावून दिली. वीस मिनिटं लागली, पोहे गार झाले.

"हे चार वर्षांपूर्वी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्या घरात कुणी पीएचडी करत असेल, तर आजच सांगा.